पलीकडून चौथी

पुलाची कमान महामार्गाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर उतरली होती. पुलाचा रस्ता तिला बारा केबलींनी, मधोमध एका ओळीत, टांगलेला होता. तपासनीस बाई प्रत्येक केबलवर रबरी हातोडा मारत आणि ती किती थरथरते ते यंत्रावर पाहून ताण लिहून घेत. तपासणीपुरता पूल बंद होता. खालचा महामार्ग चालू होता.

मागच्या आठवड्यात चौथी केबल सैल निघाली होती. ती ताणल्याचा कागद मुकादमाने दिला होता. मुकादम म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आज चौथीवर हातोडा पडला आणि यंत्राने जुनाच आकडा दाखवला.

“भावोजी, चौथी ताणली म्हणता ना?”

“माणसांचा घाम निघाला. तुमचं यंत्रच आजारी असेल, मेव्हणीबाई. त्याला सुट्टी द्या.”

बाई हसल्या नाहीत. “केबल ताणायच्या जॅकची गाडी कुठे लावली होती?”

मुकादमाची माणसं केबली नकाशावरून मोजत नसत. गाडी ज्या टोकाला उभी राहील तिथून मोजत. ती कायम ऑफिसच्या टोकाला लागे, नकाशाही तिथूनच सुरू होई, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. मागच्या आठवड्यात ऑफिसकडचा रस्ता खणलेला होता.

“पलीकडे,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

पलीकडून चौथी म्हणजे इकडून नववी. आधीच ताठ असलेली केबल त्यांनी आणखी ओढली होती. नववीपाशी बाईंनी हातोडा उचललाच नाही. खालच्या पकडीला कान लावला. आत टिक् झालं, नख मोडल्यासारखं.

“आतल्या तारा तुटताहेत.”

“अर्ध्या तासात गुपचूप सैल करतो. वर कळलं तर नोकरी गेली माझी. ताईला काय सांगाल?”

“ही तुटली तेव्हा तुम्ही जॅक घेऊन हिच्याखाली उभे नव्हता, एवढं सांगेन.” बाईंनी कंट्रोल रूमला फोन लावला. “पुलाखालचा महामार्ग दोन्हीकडून बंद करा. आत्ता.”

“साहेबांना विचारावं लागेल, मॅडम. दहा मिनिटं द्या.”

मुकादमाने अंगातलं नारिंगी जाकीट काढलं आणि तो उतारावरून खाली पळत सुटला. बाई पुलाच्या टोकाशी येऊन थांबल्या. तो रस्त्याकडेला जाकीट हलवत होता. पहिल्या ट्रकने हॉर्न दिला आणि वेग कमी न करता तो पुलाखाली शिरला. त्याच्यामागे बस होती.

नववीत पुन्हा टिक् झालं. या वेळी ते कान न लावता ऐकू आलं.