आत पोचलं की दारातच अडलं?

मी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक बोलतोय. स्वभावाने संशयी आहे, आधीच सांगून ठेवतो. कारखान्यात घासूनपुसून मला नजर दिली, पण माणसं माझ्या नळीला डोळा लावतात आणि त्यांना जे हवं असतं नेमकं तेच बघून उठतात.

नवा होतो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. मग शेजारच्या खोलीत पडद्यावर चित्र दाखवणारं यंत्र आलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं. आता येते ती एकटी मावशी. आहे संशोधक, पण भाचीमुळे सगळे तिला मावशीच म्हणतात. त्या पोरीच्या अंगात स्नायूंना लागणारं एक प्रोटीन तयारच होत नाही. जिना चढताना तिला कुणीतरी धरावं लागतं. बाहेर बनवलेलं ते प्रोटीन जिवंत पेशीच्या आत धडधाकट पोचवायचं, हाच मावशीचा ध्यास. पण पेशी परक्याला सहसा आत घेत नाही.

मावशीने प्रोटीनला चमकणारा हिरवा रंग जोडला, ते भाचीच्याच स्नायूतून वाढवलेल्या पेशींवर सोडलं, मग त्या पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या औषधात बुडवून माझ्याखाली ठेवल्या. सगळीकडे हिरवंगार. तिचे सर डोळा लावून म्हणाले, "झालं की काम. उद्याच सगळ्यांना सांगू." मावशीने लगेच बहिणीला फोन केला.

मला काही ते पटेना. औषधात बुडवलेल्या पेशी मेलेल्या असतात. ओस पडलेल्या घरात कुणीही घुसतं, त्यात कसला आलाय पराक्रम? तोंड असतं तर सरांना चांगलं सुनावलं असतं.

मावशीलाही कुठेतरी खटकलं असावं. रात्र उलटल्यावर तिने जिवंत पेशी घेतल्या, त्यांच्यावर तेच प्रोटीन सोडलं आणि औषधात न बुडवता बाहेरून चिकटलेलं काढून टाकणाऱ्या द्रावणाने धुतल्या. माझ्याखाली अंधार. जिवंत पेशीत प्रोटीन गेलंच नव्हतं, वरवर चिकटून बसलं होतं; आदल्या दिवशी पेशी मेल्यावर तेच आत झिरपलं होतं.

"अगं, पोरीला सांगून बसले मी," फोनवर बहीण म्हणाली.

"चुकलं गं माझं," मावशी एवढंच बोलली. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून ती माझ्याहून संशयी झाली. आता ती पेशींना विजेचा हलका झटका देते. आवरणाला क्षणभर बारीक भोकं पडतात, तेवढ्यात प्रोटीनने आत शिरायचं. बहुतेक पेशी मरायच्या. मी मनात म्हणायचो, होणार काय दुसरं?

आज मात्र पेशी जगल्या. पुन्हा पुन्हा धुऊनही हिरवा रंग हटेना, आणि तो काठावर नव्हता, आतभर पसरला होता. इतके दिवस निपचित पडलेली एक पेशी आकसली, सैल झाली, परत आकसली. मावशी उठली, बसली, पुन्हा बघू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"काही कळलं का गं?" बहिणीने जपूनच विचारलं.

"अजून काही नाही. परत करून बघते."

मावशी, जन्मभर मी कुणाच्या आनंदावर विश्वास ठेवला नाही, तुझ्याही नाही. भिंगं पूस, दिवा बदल, हवं तर माझ्यावरही शंका घे. पण या वेळी ते आत पोचलंय गं. बहिणीला फोन लाव.