गोण्यांची थप्पी

भिकाजीनं मुंबईच्या मालधक्क्यावर तीस वर्षं काढली. कुठला माल कुठल्या वॅगनमध्ये चढवायचा, कुठला उतरवायचा, हे हमालांना सांगायचं त्याचं काम. सत्त्याऐंशी साली निवृत्त होऊन तो चिपळूणजवळच्या आपल्या गावी परतला, तो ट्रंकेत खेळण्यातलं चावीचं इंजिन आणि वाटोळे रूळ घेऊनच. जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. होती ती भिकाजीच्या पडवीत तेवढी.

डबे त्यानं फणसाच्या लाकडाचे केले, त्यांत कोळशाचे खडे डिंकानं चिकटवले आणि गाडी सोडली. त्याची बायको येसूबाई शेजारी आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "सकाळपासनं तिसऱ्यांदा ह्यो कोळसा मुंबैला चाललाय. तितं उतरवून घेयाला कोण माणूस नाय काय?"

भिकाजीला ते झोंबलं. तीस वर्षं माल उतरवून घेतला आणि घरची गाडी मात्र भरलेली ती भरलेलीच! त्यानं त्याच दिवशी खडे उपटून काढले. एका डब्याच्या बुडाला झडप बसवली, खाली पत्र्याचा हौद ठेवला. पण कोळशाचा चुरा दमट हवेनं अडकून बसे. शेवटी येसूबाईनंच फोडणीच्या डब्यातली मोहरी ओतली. झडप उघडताच ती सर्रकन खाली आली.

"बघा, उतारला तुमचा कोळसा," ती म्हणाली.

मग तिनं जुन्या धोतराच्या बोटभर गोण्या शिवल्या, त्यांत कोंडा भरला. भिकाजीनं डब्याच्या उंचीचा धक्का आणि त्यावर गोदाम उभं केलं.

ही वार्ता जवळच्या अलोरे गावच्या शाळेपर्यंत गेली. तिथल्या प्रदर्शनात भिकाजीला टेबल मिळालं. गर्दी लोटली. भिकाजी चिमट्यानं एकेक गोणी उतरवून गोदामात रचत होता आणि थप्पी पुन्हापुन्हा कोसळत होती. लोक हसू लागले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. "दादा, थप्पी चुकतेय. खालच्या थरावर वरचा थर आडवा पायजे. गोणीचं तोंड आत."

"केरू, तुला रं काय ठावं?" त्या म्हाताऱ्याच्या गावचा एकजण म्हणाला. "तू तर रेल्वेच्या हापिसात होतास!"

बावीस वर्षं गावाला केरू हेच सांगत आला होता. त्यानं एकदा त्या कोसळलेल्या गोण्यांकडे पाहिलं.

"हापिस कसलं? हमाली केली मी, मुंबैच्या वाडीबंदरला. गोण्या पाठीवर वायल्या."

भिकाजीनं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि चिमटा पुढे केला. "बसा. मी नुसता सांगणारा. रचणारे तुम्ही."

केरूनं चिमटा बाजूला ठेवला. जाडजूड बोटांनी त्यानं गोण्या रचल्या, आडव्या-उभ्या, सात थर. टेबल हलवून पाहिलं तरी एक गोणी ढळली नाही. शाळेच्या मास्तरांनी मुलांना पुढे बोलावलं, "बघा रे, असं रचतात!" आणि टाळ्या पडल्या.

"अजून एक वॅगन हाय काय?" केरूनं बाह्या वर सारत विचारलं.

भिकाजीनं इंजिनाला चावी दिली.