काळ्या रानात रुतलेली जीप

मल्लप्पा विहिरी खोदायचा. जमिनीतून काहीही वर काढायचं म्हटलं की कुंभारीचे लोक त्यालाच हाक मारत. आज त्याच्याच रानाच्या वाटेवर रुतली होती ती धाकट्या भावाची, सिद्धलिंगप्पाची जीप. भावाची कसली, सोलापुरातल्या त्याच्या मालकाची. हा नुसता मिरवत आला होता. रात्री एवढा पाऊस झालेला असताना काळ्या रानात गाडी घालणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं.

आणि आला होता तो हेमावतीला न्यायला. दुष्काळात तिची आई गेली, तेव्हा त्यानंच ते तान्हं पोर मल्लप्पा-काशम्माच्या पदरात टाकलं होतं. आता दुसरं लग्न झालं, बिऱ्हाड झालं, तेव्हा सहा वर्षांनी ह्याला लेक आठवली. पण बाप तो, हे मल्लप्पालाही कळत होतं. त्यानं मनाशी एकच ठरवलं होतं, पोरगी एकदा जरी नको म्हणाली तरी धाडायची नाही. सकाळपासून तो तिच्या तोंडाकडं बघत होता. पोरगी नवा फ्रॉक घालून जीपभोवती नाचत होती.

“काढू नगा,” काशम्मा हळूच म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तितंच.”

त्यालाही तेच वाटत होतं. पण भाऊ “अण्णा, बघ की जरा,” म्हणाला आणि त्याचे हात काही गप्प बसेनात. त्यानं विहिरीवरची चेनपुली आणली. एक टोक समोरच्या बाभळीला बांधलं, दुसरं जीपला अडकवलं. फावड्यानं चाकांपुढचा चिखल उपसला. जॅकखाली फळी देऊन एकेक चाक उचललं, खाली दगड नि फांद्या कोंबल्या. मग साखळी ओढायला लागला. हेमावतीही शेजारी येऊन साखळीला लोंबकळली.

“अप्पा, हालली की,” ती म्हणाली.

हालली. वीतभर, मग हातभर. आपल्याच हातानं आपण काय ओढून देतोय, हे त्याला कळत होतं, तरी तो ओढत राहिला.

चाकं दगडांवर आल्यावर त्यानं हूक सोडला. “आता सडकेपातुर थांबू नगंस,” तो भावाला म्हणाला. “मदी थांबलास तर परत बसंल. पोरीला मी आणतो.” तेवढ्या वाटेत तिला कडेवर घ्यायचं आणि एकदा विचारायचं, असं त्याच्या मनात होतं.

जीप चिखल उडवत सुटली. हेमावतीनं क्षणभर बघितलं, आणि चपला हातात घेऊन मागं पळत सुटली.

“थांबा की, मला सोडून जाऊ नगा,” ती रडत रडत ओरडत होती.

जीप सडकेवर थांबली. सिद्धलिंगप्पानं तिला उचलून आत घेतलं. तिनं मागं बघितलंच नाही.

“हाक मारा की तिला,” काशम्मा म्हणाली.

“कशाला? भ्याली बग किती, आपल्यापाशी ऱ्हाते का काय म्हणून,” मल्लप्पा म्हणाला, आणि तिथंच चिखलात खाली बसला.