डावीकडचं व्हायोलिन

"चादर अजून जरा ओढा, काकू. कडेने दिसतंय," शोरूमवाला म्हणाला.

मी ओढली. चादर माझी, घर माझं, आणि ती नीट टांगली नाही म्हणून बोलणीही मीच खायची. खोलीच्या मधोमध दोरी बांधून ती सोडली होती. पलीकडे आमचे हे खुर्चीत बसलेले, तोंड समोरच्या दोन स्पीकरांकडे, आणि शेजारी दातांचे डॉक्टर. अलीकडे रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, शोरूमवाला आणि मी. ह्यांना टर्नटेबल दिसू नये म्हणून ती चादर होती. तिच्यामुळे मीही त्यांना दिसणार नव्हते, आणि खरी पंचाईत तीच होती.

आमचे हे बत्तीस वर्षं लोकांची टर्नटेबलं जुळवून देतात. सुईवर भार किती, ती धरणाऱ्या दांड्याची उंची किती, हे मोजायला साधनं असतात. पण शेवटचा केसभर बदल ऐकूनच करावा लागतो, आणि तो ह्यांच्यासारखा कोणाला जमत नाही अशी ख्याती. सगळे त्यांना कानसेन म्हणतात. दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय, ते कोणी वाचत नाही.

डॉक्टरांना नवीन कार्ट्रिज घ्यायचं होतं. कार्ट्रिज म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवतात तो सुईचा डबा, अंगठ्याच्या नखाएवढा. एवढ्याशा वस्तूपायी ही शिकलीसवरलेली माणसं महिनोन्महिने स्वतःची झोप उडवून घेतात. शोरूमवाल्याकडून त्यांनी तीन आणली होती, ऐकून बघायला: एक काळं, एक लाल, एक लाकडी. तिन्ही अतिशय भारी. दोन आज परत द्यायची होती.

"ऐकून फरक कळतो ही निव्वळ थाप आहे. मशीनवर आलेख काढा, त्यात काय ते दिसेल," शोरूमवाला डॉक्टरांना म्हणाला होता.

"आमचे कानसेन डोळे मिटून सांगतील," डॉक्टर म्हणाले.

"मग सांगू देत की."

आणि आमच्या ह्यांनी, ज्यांना नेमकी त्या दिवशी सर्दी व्हायला हरकत नव्हती, "या की" म्हणून टाकलं. रेकॉर्डवाल्यांचं जग केवढंसं. आज चुकले तर उद्या सगळीकडे बोभाटा, आणि परवापासून आमच्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही.

आता खरं काय ते सांगते. ह्यांचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी एका तापात गेला. पूर्ण गेला. मला त्यांनी सांगितलं नाही. उजवीकडून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं येईनाशी झाली, तेव्हा आधी वाटलं, रुसलेत. लग्नाला तीस वर्षं झाली की असं वाटायला फार कारण लागत नाही. मग कळलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त लोकांच्या घरी जोडणीला मीही बरोबर जायला लागले, आणि रेकॉर्ड पुसायच्या निमित्ताने त्यांच्या समोर बसायला लागले. आवाज उजवीकडे झुकला की माझी मान उजवीकडे, डावीकडे झुकला की डावीकडे. नीट बसला की मी उठून चहा टाकायला जायचे. दोन वर्षांत साठ-सत्तर घरांची टर्नटेबलं अशी माझ्या मानेवर जुळली, आणि कानसेनांचं नाव वाढतच गेलं. राग यायचा का? यायचा. पण तो भांडी घासताना यायचा आणि भांड्यांवरच निघायचा.

त्या दिवशी सकाळी मी बहिणीकडे गेले होते. परत येईपर्यंत ह्यांनी तिन्ही कार्ट्रिजं दांड्याच्या तीन सुट्या टोकांवर बसवून टाकली होती, म्हणजे नंतर नुसती टोकं बदलायची. प्रत्येकाला चार तारा असतात, केसासारख्या बारीक. दोन डाव्या आवाजाच्या, दोन उजव्या. त्या चिमट्याने लावायच्या.

"ऐकून बघू का एकदा?" मी विचारलं.

"झालंय माझं ऐकून," हे म्हणाले, आणि तेवढ्यात दारात डॉक्टरांची गाडी थांबली.

"आधी तिन्ही एकेकदा नाव सांगून वाजवतो," शोरूमवाला आता मोठ्याने म्हणाला. "मग माझ्या मनाच्या क्रमाने सहा वेळा. काका, तुम्ही फक्त नाव घ्यायचं."

"लाव," चादरीपलीकडून आवाज आला. आवाज ठणठणीत होता. मी तो आवाज ओळखते. ह्यांची पाचावर धारण बसली की तो असाच ठणठणीत होतो.

रेकॉर्ड आमच्या घरातली होती, हजारदा ऐकलेली. मधोमध गाणारी बाई, डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे ढोल. आवाजाच्या बटणावर ह्यांनी पेन्सिलीने तीन खुणा केल्या होत्या, तिन्ही सारख्याच मोठ्याने वाजावीत म्हणून, कारण जे मोठ्याने वाजतं ते सगळ्यांना चांगलंच वाटतं. काळं वाजलं. चांगलं होतं. लाल वाजलं. तेही चांगलं, जरा भडक. मग शोरूमवाल्याने लाकडी बसवलं आणि सुई टेकवली.

माझा हात पुसता पुसता थांबला. इतक्या वर्षांत ते व्हायोलिन मी असं ऐकलं नव्हतं. तारेवरून गज उलटा फिरतो, त्याच्या आधीचा वादकाचा श्वाससुद्धा कळत होता. फक्त ते उजवीकडून येत होतं. ढोल डावीकडे गेला होता. ह्यांनी तारा उलट्या लावल्या होत्या. बत्तीस वर्षांत एकदाही न झालेली चूक, आणि सकाळी स्वतः ऐकूनही त्यांना ती सापडली नव्हती.

शोरूमवाल्याला काही कळलं नाही. तो घड्याळ बघत होता. डॉक्टरांनी ही रेकॉर्ड कधी ऐकलेली नव्हती. मी चादरीकडे बघत राहिले. मान हलवून उपयोग नव्हता. मधे चादर.

सहा फेऱ्या सुरू झाल्या.

"लाल," हे म्हणाले. ते काळं होतं. शोरूमवाल्याने कागदावर फुली मारली आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या तोंडावर रेकॉर्ड पुसायचं फडकं फेकावंसं वाटलं मला.

दुसऱ्यांदा त्याने लाकडी लावलं. पलीकडून लगेच उत्तर आलं.

"लाकडी."

बरोबर होतं. पुढचं लाल, तेही बरोबर. मग पुन्हा काळं, बरोबर. मग पुन्हा लाकडी, आणि या वेळी तर बाईने तोंड उघडायच्या आत ह्यांनी नाव घेतलं. शोरूमवाल्याचं हसू मावळलं. शेवटचं लालही बरोबर निघालं. सहापैकी पाच. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकले. काळं आणि लाल ह्यांनी अंदाजाने सांगितलं असणार. पण लाकडी त्यांनी कशावरून ओळखलं, ते मला लख्ख कळलं होतं. त्याच्यात व्हायोलिन त्यांच्या मेलेल्या कानाकडून येत होतं.

शोरूमवाल्याने स्वतःच चादर बाजूला केली. "मानलं, काका," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे कबूल करते.

"मग ठेवू कुठलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाल ठेवा. लाकडी परत करा. व्हायोलिनमध्ये जीवच नाही त्याच्या. पलीकडच्या खोलीत वाजल्यासारखं येतं."

हे माझ्याकडे बघत नव्हते. जिंकलेला माणूस बसतो तसे बसले होते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लाकडी कार्ट्रिज डबीत ठेवायला घेतलं. ते झाकण लागलं की विषय संपत होता. नाव राहत होतं, दुकान राहत होतं, मी पुन्हा रेकॉर्ड पुसायला मोकळी. डॉक्टर उरलेलं आयुष्य दुसऱ्या नंबरचं ऐकत राहिले असते, सुखाने. कोणाचं काय बिघडत होतं?

पण मी ते व्हायोलिन ऐकलं होतं. त्यात जीव नाही, हे माझ्याच्याने ऐकून घेववेना.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "त्याच्या तारा उलट्या लागल्यात. डावं उजवीकडे गेलंय."

शोरूमवाल्याने डबी घेतली, खिशातलं भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं. "खरंच की," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. "पण काका, एवढी मोठी गोष्ट तुम्हाला कशी कळली नाही?"

मला माझी जीभ चावून टाकावीशी वाटली. एखादं खोटं शोधायला लागले आणि एकही सापडेना.

"कारण उजव्या कानाने मला ऐकू येत नाही," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली."

दोन वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. जेवताना, फिरायला जाताना, दिवा मालवल्यावर. ते त्यांनी मला नाही, शोरूमवाल्याला सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं.

"मग माझ्या घरची जोडणी?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"ती हिने ऐकली. सगळ्यांचीच हिने ऐकली."

शोरूमवाला बुटांकडे बघायला लागला. तो उद्या हे सगळीकडे सांगणार होता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. ह्यांनी हात पुढे करून लाकडी कार्ट्रिज मागून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि चिमट्याने एकेक तार काढून जागच्या जागी लावली. हात जराही हलला नाही. स्वतःच दांड्याला बसवलं, भार तपासला.

"वहिनी, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "कुठलं ठेवू?"

असं कोणीतरी विचारावं म्हणून मी किती कुढले होते. आता विचारलं, तर सवयीने ह्यांच्याकडेच बघितलं. त्यांनी मधली खुर्ची हाताने दाखवली.

"इथे बस. इथूनच नीट कळतं."

मी बसले. त्यांनी सुई टेकवली. दुसरी खुर्ची घेऊन ते माझ्या शेजारी आले, आणि दोन परकी माणसं बघत असताना ती त्यांनी आडवी वळवून ठेवली; डावा कान स्पीकरांकडे, उजवा आम्हा सगळ्यांकडे. मग डोळे मिटून ते माझ्या उत्तराची वाट बघायला लागले.