आधी सांगा, मग काढा

मालकांना माणूस ठेवता यायचा, काढता यायचा नाही. त्यांच्या फर्निचरच्या छोट्या कारखान्यात चार वर्षांपूर्वी आलेला कारागीर अजून ‘नवे मिस्त्री’च होता, आणि त्याच्या खुर्च्या पहिल्या दिवसापासून डुगडुगत होत्या. मालक मात्र तो दिसला की पाठ थोपटायचे, “वा मिस्त्री, झकास!” म्हणायचे, आणि तो जेवायला गेला की कारखान्याच्या पुढच्या भागातल्या आपल्या दुकानात बसून गुपचूप खुर्च्यांचे पाय घासायचे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

गेल्या महिन्यात मालकांचा खांदा धरला. घासणं बंद पडलं आणि दातांच्या डॉक्टरांकडून सगळ्या खुर्च्या परत आल्या. “माझे पेशंट आधीच थरथरत येतात,” डॉक्टर फोनवर म्हणाले, “त्यात तुमच्या खुर्चीची भर नको.”

“उद्या काढतोच त्याला!” मालक घरी येऊन गरजले.

दुकानाचा कारभार मालकीणबाई बघायच्या. त्यांनी विचारलं, “अहो, पण त्याचं काय चुकतं ते त्याला सांगितलंत का कधी?”

“त्याचं त्याला कळायला नको?”

“कसं कळेल? रोज पाठ थोपटताय. आधी सांगा, मग त्याचं म्हणणं ऐका, सुधारायला संधी द्या. तरी नाहीच जमलं तर खुशाल काढा. घरात तान्हं लेकरू आहे त्याच्या. आज शाबासकी आणि उद्या गचांडी, हा कुठला न्याय?”

मालकांना घाम फुटला. माणसाला काढणं एक वेळ जमलं असतं, पण तोंडावर सांगणं म्हणजे फारच झालं.

दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींच्या कोपऱ्यात गेले. लेकराचं विचारलं, लाकडाच्या भावाचं विचारलं. मालकीणबाई मागे उभ्या राहून खाकरल्या तेव्हा मालकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या खुर्च्या डुगडुगतात.”

मिस्त्रींच्या हातातला रंधा थांबला. “कधीपासून?”

“पहिल्यापासून. मीच पाय घासून विकायचो.”

“मग चार वर्षं माझी पाठ थोपटत होतात, ती कशाबद्दल?”

मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस्त्रींचेही डोळे भरून आले होते, पण आवाज चढला नाही. “एक खुर्ची तुमच्यासमोर करतो,” ते म्हणाले. “कुणी हात लावायचा नाही. डुगडुगली तर मी होऊन जातो.”

खुर्ची झाली. मिस्त्रींनी ती नेहमीसारखी आपल्या टेबलाशेजारी ठेवली आणि हलायची थांबेपर्यंत पाय तासले. “बसा, मालक.”

मालक बसले, डावी-उजवीकडे झुलून पाहिलं. खुर्ची ढिम्म. त्यांनी ती उचलून पुढे दुकानात नेली, तर तिथे डुगडुग. परत कोपऱ्यात आणली, तर पुन्हा ढिम्म. दुखरा खांदा सांभाळत मालक खुर्ची घेऊन मागे-पुढे करत राहिले. मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला.

शेवटी मालकीणबाईंनी वाकून खाली पाहिलं. एक पाय नेमका दबलेल्या लादीवर होता. कोपऱ्यातली ती लादी एका बाजूला चांगली बोटभर खाली गेली होती, आणि मिस्त्री प्रत्येक खुर्ची तिच्याच मापाने सरळ करत होते.

“ही लादी कुठल्या गाढवाने बसवली?” मालक ओरडले.

मग मालकांनाच आठवलं. गवंड्याला फाटा देऊन तो कोपरा त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेने बसवला होता.

“दबलीय हे ठाऊक होतं तुला?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“होतं. पण खुर्च्यांचं काही डोक्यात आलं नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मालक खाली बसले. लाज तर वाटलीच, पण मिस्त्री राहणार म्हणून जीव भांड्यातही पडला. त्यांनी मिस्त्रींची हात धरून माफी मागितली, छिन्नी मागवली आणि लादी उखडली. संध्याकाळपर्यंत खपून ती नव्याने बसवली, हात झटकले आणि शाबासकीच्या आशेने वर पाहिलं.

मिस्त्रींनी तीच खुर्ची पुन्हा तिच्यावर ठेवली, बोटाने हलवून पाहिली. खुर्ची पहिल्यासारखीच ढिम्म, तसे ते जरा घुटमळले.

“मालक,” ते म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, पण अजून दबलेलीच आहे.”

मालकांनी पुन्हा छिन्नी उचलली.