चादरी जातात कुठे

रुग्णालयाच्या धुलाईखान्याचा मॅनेजर आज चौथ्यांदा जिना चढत होता. लिफ्टसाठी थांबणं त्याच्या पायांना ठाऊकच नव्हतं. रोज कुठल्यातरी वॉर्डात चादरी कमी पडत, आणि हा याची टोपी त्याच्या डोक्यावर करत पळे. मागच्या महिन्यात चारशे नव्या चादरी आणल्या, त्याही आठवड्यात गडप! शेवटी आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “पाचच्या आत चादरी जातात कुठे ते सांगा, नाहीतर धुलाई बाहेर देतो.” खाली अठरा बाया धुलाईचं काम करत होत्या. त्यांची चूल विझणार, या विचाराने त्याला घास गिळवत नव्हता.

चार वाजता तो मुलांच्या वॉर्डात घुसला. तिथली मुख्य नर्स त्याची थोरली बहीण. त्याने विचारलं-सवरलं नाही, सरळ कपाट उघडलं. आत साठ-सत्तर चादरी, कडक इस्त्रीच्या.

“ताई, अगं चोरी करतेस?”

“चोरी कसली मेल्या! उद्या तू देशील याचा भरवसा आहे का? दहा लागल्या की मी वीस मागते. जास्त आल्या की आत ठेवते. सगळ्या वॉर्डांत हेच चालतं.”

तो स्टुलावर मटकन बसला. लपवतात म्हणून कमी पडतात, आणि कमी पडतात म्हणून लपवतात! वर्षभर तो चादरी मोजत पळाला; भीती कोणीच मोजली नव्हती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. स्वतःचाच राग आला त्याला.

“कपाटं रिकामी केली तर उद्या गाद्यांखाली लपवाल,” तो म्हणाला. “उलट आठवडाभर मागाल त्याहून जास्त द्यायच्या. भरवसा बसला की तुम्हीच परत कराल.”

“आणि त्या आणशील कुठून?”

त्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. कान तापले. मग तो उठला.

पाचला दहा कमी असताना तो मोठ्या डॉक्टरांसमोर उभा होता.

“सापडल्या चादरी?”

“हो. प्रत्येक वॉर्डात थोड्या थोड्या.” त्याने किल्ली टेबलावर ठेवली. “आणि अडीचशे माझ्या खोलीत. अडीअडचणीला म्हणून मीच कुलूप लावून ठेवल्यात. बायांना ठेवा साहेब. आणि त्या वाटायला आठवडाभर मलाही.”