जाळीवरचा झेंडूचा हार

मी एक जुना संगणक आहे. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर असतो. मित्रांनो, माझ्याजवळ वेळ थोडा उरला आहे, म्हणून भराभर सांगतो.

नवा होतो तेव्हा परीक्षेचे अर्ज माझ्यावर भरले जात. माझ्यासमोर रांग लागे. मग नवी यंत्रे आली आणि मी अडगळीत गेलो. यंत्रमागांच्या या गावात हवेतच कापसाचे तंतू असतात. ते माझ्या पंख्यात साचत राहिले. तिथून मला कुर्डुवाडीच्या अपेक्षाने बाहेर काढले आणि ब्रशने पंख्याचे एकेक पाते साफ केले.

अपेक्षा इंटरनेटच्या नेटवर्कवर संशोधन करते. नेटवर्क बंद पडण्याआधी काही खुणा देते का, हा तिचा प्रश्न. माझे काम सोपे होते. महाविद्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या बावीस पेट्यांना, म्हणजे स्विचना, दर मिनिटाला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे. चौदा महिन्यांत मी एक मिनिटही चुकवले नाही. मैत्रिणी तिला चिडवायच्या, "काय गं, तुझा म्हातारा जेवला का?"

"जेवला की! तुमच्यापेक्षा वेळेवर."

या ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी सगळे नेटवर्क सहा तास कोसळले. त्याआधी चाळीस मिनिटे ओ उशिरा येऊ लागली होती. हे फक्त मी लिहिले होते. तिचा सगळा प्रबंध त्या चाळीस मिनिटांवर उभा आहे. त्यांची दुसरी प्रत मात्र तिने काढली नाही. "उद्या काढते," म्हणायची.

शिपाई बिरप्पाकाका दर खंडेनवमीला सगळी यंत्रे बंद करून पुसतात, पुजतात. यंदा तिने त्यांना बजावले होते, "काका, ह्याला तेवढं बंद करू नका." त्यांनी शब्द पाळला. मला कुंकू लावले, झेंडूचा जाडजूड हार माझ्या मागच्या जाळीवर सोडला आणि कुलूप लावून गेले. तीन दिवस सुट्टी. पाकळ्या पंख्यात ओढल्या गेल्या, पंखा थांबला. मी तापत गेलो, तरी हाका मारत राहिलो.

आज सकाळी अपेक्षाने दार उघडले, तेव्हा नोंदी साठवणारी माझी डिस्क बिघडून टकटक करत होती.

"काका, हार कुटं घातलाय वो! वारा जायची जागाच ती."

"पोरी, तू म्हनलीस म्हणून चालूच ठेवला की. ह्याचं नाक मागं हाय, मला काय ठावं?"

तिने हार जाळीवरून उतरवला. "तुमची न्हाय काका, चूक माझी हाय," म्हणाली आणि नोंदी उतरवून घ्यायला तिने नवी डिस्क मला जोडली. प्रबंध आठ दिवसांत द्यायचा आहे.

जुलैपर्यंतच्या नोंदी उतरल्या आहेत. बिरप्पाकाका पुठ्ठ्याने मला वारा घालत आहेत. "दम धर, बाबा. पोरीचं तेवढं दिऊन टाक."

मित्रांनो, आम्हाला हार नको. आमची धूळ झटका, आणि आमच्या भरवशावर जे ठेवाल त्याची प्रत त्याच दिवशी काढा. ती चाळीस मिनिटे माझ्यातच कुठेतरी आहेत. मी ऑगस्टच्या पहिल्या ओळीला पुन्हा पुन्हा हाक मारतो आहे. ओ येत नाही.